फोटोखालची ओळ

भिंतीवर फोटो पडला आणि साहेबांनी लेझरचा लाल ठिपका सरळ त्या मुलीच्या केसांवर नेला.

"हे बघा. ही परिस्थिती होती वस्तीत. घरी केस विंचरायलाही कोणी नाही. तिथून आम्ही यांना शाळेत आणलं."

ठिपका केसांवर गोल गोल फिरत राहिला. पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, जटा झाल्यात की पोरीच्या!" सगळे हसले. माझ्या दुकानाचे सेठही हसले. पार्टीसमोर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर, हसावं लागतं.

मी मागच्या खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. ती मुलगी मी होते.

हे अंबरनाथमधल्या एका ट्रस्टच्या हॉलमध्ये घडलं. साहेब म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष. मी उल्हासनगरला कॅम्पातल्या एका दुकानात काम करते. फ्लेक्स, लग्नाचे अल्बम, आता वेबसाइटपण. दुकान एका सिंधी सेठचं. ट्रस्ट ही त्यांची जुनी पार्टी. दरवर्षी पाहुण्यांना दाखवतात तो स्लाइड शो ट्रस्टला वेबसाइटवर हवा होता. आणि वेबसाइट अशी हवी की मजकूर त्यांच्या ऑफिसातच बदलता येईल, दर वेळी आमच्याकडे पळायला नको.

आल्या आल्या साहेबांनी विचारलं होतं, "नाव काय तुझं?" सेठना "सेठजी", मला "तू". मी नाव सांगितलं.

"पुढे?"

मी आडनाव सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. "छान. शिकलात तुम्ही लोक."

हा 'अच्छा' आम्हाला लहानपणापासून ओळखता येतो. मी मागची खुर्ची धरली. मग हॉलचे लाइट बंद केले आणि स्लाइड सुरू झाल्या.

आता त्या फोटोचं ऐका.

मी तिसरीत होते. आम्ही अंबरनाथला कंपन्यांच्या मागच्या वस्तीत राहायचो. आई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. ट्रस्टवाले विहाराच्या अंगणात दप्तरं वाटणार म्हणून त्या दिवशी तिने हाफ डे टाकला. मला घासून आंघोळ घातली. तांब्यात निखारे भरून फ्रॉकला इस्त्री केली. तेल लावून दोन घट्ट वेण्या, वर लाल रिबिनी. माझी आई तशीच आहे. घरात मीठ नसेल, पण पोर बाहेर गबाळी जाणार नाही.

अंगणात रांग लागली. एक बाई कॅमेरावाल्याला घेऊन आल्या. मला बघून म्हणाल्या, "ही नको. ही गरीब वाटत नाही." मग थांबल्या. काय डोक्यात आलं कोण जाणे, जवळ आल्या आणि माझ्या रिबिनी ओढल्या. दोन्ही वेण्या सोडल्या. बोटं घालून केस विस्कटले. म्हणाल्या, "चपला काढ. हात जोड. आणि हसू नकोस."

मी हसत नव्हतेच.

घरी आले. आईने केस बघितले. "कोणी सोडले?" मी सांगितलं. तिने मला समोर बसवून परत वेण्या घातल्या, इतक्या घट्ट की माझे डोळे ओढले गेले. दप्तर मी वापरलं, पुढे कितीतरी वर्षं वापरलं. दुसरं कुठून आणणार होतो?

आणि हॉलमध्ये "जटा झाल्यात" म्हणून हसल्या त्या याच बाई. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. त्यांनी मला ओळखलं नाही. त्या दिवशी तरी त्यांनी मला नीट बघितलं होतं कुठे!

काम माझ्याकडेच आलं. स्लाइड उघडल्या तर मजकूर सगळा चित्रातच चिकटलेला. कोणीतरी फोटोवर अक्षरं छापून त्याची चित्रं करून ठेवली होती. एक शब्द उचलून घेता येईना. म्हणजे ओळ न् ओळ मला हाताने टाइप करायची होती. स्थापना, देणगीदार, पाहुणे, सत्कार. करत गेले. मग ती स्लाइड आली.

"घरी केस विंचरायलाही कोणी नाही, अशी वस्तीतली मुलं."

मी टाइप करायला लागले. 'कोणी'पर्यंत आले आणि हात थांबले. माझी आई कोणीच नव्हती? आणि हे मी लिहायचं? माझ्याच बोटांनी?

स्लाइड निदान लाइट लावला की भिंतीवरून जाते. हे आता मोबाइल मोबाइलवर जाणार होतं. बदलापूरला बेलवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये कोणीही उघडेल. उद्या माझी मुलगी उघडेल आणि वाचेल, तिच्या आजीला पोरीचे केस विंचरायची अक्कल नव्हती.

मी सेठना म्हणाले, "सेठ, ही ओळ मी नाही टाकणार. ती मुलगी मी आहे."

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अरे बेटा... पर लिखा उन्होंने है. अपना काम टाइप करना है. कौन पहचानेगा?"

"मी ओळखते ना."

सेठ गप्प बसले. माणूस वाईट नाही. पण दुकान चालवायचं असलं की चांगली माणसंपण गप्प बसतात.

मी ट्रस्टला फोन केला. नीट, अदबीने सांगितलं, तेवढी ओळ बदलू या का? साहेब म्हणाले, "शब्दाला शब्द तेच हवं. तुझं मत कोणी विचारलंय?" आणि फोन ठेवला.

संध्याकाळी आईला लॅपटॉपवर फोटो दाखवला. तिने चष्मा लावला. "अगं, ही तू!" आधी हसली. मग म्हणाली, "खाली काय लिहिलंय? वाच."

मी वाचलं.

ती उठून ओट्याशी गेली. घासून ठेवलेली भांडी परत घासायला लागली. मी मागे गेले तर तोंड फिरवलं. "मी होते की गं घरी," एवढंच म्हणाली. मी आईला कंपनी बंद पडली तेव्हा बघितलंय, बाबा गेले तेव्हा बघितलंय. असा आवाज कधी ऐकला नव्हता. माझं डोकं सटकलं ते तिथे.

वेबसाइट दाखवायचा दिवस आला. तोच हॉल, तीच भिंत, पुढच्या रांगेत त्याच बाई. फोटोखालची जागा मी रिकामी ठेवली नव्हती. त्यांचीच ओळ होती, शब्दाला शब्द. टाइप करताना दातओठ खाल्ले होते. ती मला त्यांच्यासमोर पुसायची होती.

साहेब म्हणाले, "आता मजकूर बदलायचा कसा, ते दाखव. घे कुठलंही पान."

मी ते पान घेतलं.

"असं ओळीवर क्लिक करायचं," मी म्हणाले. ऑफिसचा क्लार्क वाकून बघत होता. "असं पुसायचं." ओळ पुसली. "आणि असं नवीन लिहायचं."

भिंतीवर एकेक अक्षर उमटत गेलं. या मुलीचे केस तिच्या आईने विंचरले होते. फोटोसाठी ट्रस्टच्या बाईंनी तिच्या वेण्या सोडल्या. ती मुलगी मी. त्याखाली माझं नाव, मध्ये आईचं नाव, मग आडनाव.

"आणि असं सेव्ह करायचं."

क्लार्क मान वर करून साहेबांकडे बघायला लागला.

"हे काय आहे?" साहेब उठले. "कुठल्या बाईंनी सोडल्या?"

मी पुढच्या रांगेकडे बघितलं. "यांनी."

बाई पदर सारखा करत म्हणाल्या, "मला नाही बाई आठवत."

"मला आठवतंय."

"आधीचं परत टाक," साहेब म्हणाले.

"नाही."

"दप्तर घेतलं होतंस ना? तेव्हा नाही लाज वाटली? आज तोंड वर करून बोलतेस?"

"घेतलं होतं. दप्तर दिलंत म्हणून माझ्या आईबद्दल वाटेल ते लिहायचा हक्क मिळाला नाही तुम्हाला."

"सेठजी, कसली माणसं ठेवता हो तुम्ही!"

सेठ घामाघूम. माझ्या कानाशी म्हणाले, "बेटा, सॉरी बोलो और निकलो." मी लॅपटॉप बंद केला, बॅगेत टाकला आणि बाहेर पडले. सॉरी म्हणाले नाही.

त्याच संध्याकाळी वेबसाइट चालू झाली. उघडून बघितली. फोटो होता. खाली जुनी ओळ परत आली होती. कशी बदलायची ते मीच शिकवलं होतं. माझं लॉगिन बंद. सेठचा निरोप आला, लेखी माफी दे, मगच दुकानात ये.

हद्द झाली. खूप रडले, खोटं कशाला सांगू. मग तो फोटो मोठा करून बघितला. माझ्या मागे आणखी मुली होत्या. सगळ्या अनवाणी. दोघींना मी ओळखलं. एक आता अंबरनाथला नर्स आहे, एकीचं उल्हासनगरला शिलाईचं दुकान आहे. फोन लावले आणि म्हटलं, ट्रस्टमध्ये जाऊन ती ओळ काढायला लावू.

नर्सने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्यापण चपला काढायला लावल्या होत्या गं. नवीन होत्या. मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही." शिलाईवाली म्हणाली, "कधी जायचं ते सांग."

सोमवारी जायचंय. आम्ही तिघी आणि माझी आई. आईला म्हटलं, तू नको, तिथे वाटेल ते बोलतील. ती म्हणाली, "बोलू दे. मला माझ्या तोंडाने सांगायचंय."

सेठना कळवून टाकलंय, माफी मिळणार नाही, माझ्या जागी दुसरं कोणी बघा. साहेबांना आमचं एकच सांगणं आहे. एकतर फोटो आमच्यासमोर वेबसाइटवरून काढून टाका, नाहीतर खाली खरं लिहा, आमच्या नावांनी. क्लार्कला जमत नसेल तर मी परत शिकवीन. पण ती ओळ निघेपर्यंत आम्ही चौघी त्या हॉलमधून उठणार नाही. पोलीस बोलवा, नाहीतर कोणालाही बोलवा.