अंगठा लागला नाही

माझ्या मुलीनं दुसऱ्यांदा सीईटी द्यायला नकार दिला, तेव्हा ती आळस करते आहे असंच मी समजलो. हे मनात ठेवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी ते फळीवर, चाळीस-पन्नास माणसांसमोर बोलून दाखवलं.

फळी म्हणजे तेंदूपत्ता गोळा करायचं ठिकाण. उन्हाळ्यातले पंधरा-वीस दिवस मी कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात तिथं दिवाणजी असतो. लोक पहाटे जंगलात जातात, दुपारी घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर आणून रांगेत मांडतात. मी ते तपासून घेतो. यंदा पत्ता लवकर आला. मुलीची परीक्षा चार दिवसांवर होती आणि बायको एकटी पडत होती. मीच मुलीला म्हणालो, दुपारी दोन तास आईसोबत पुडे बांध, तेवढीच डोक्याला विश्रांती. आमच्याकडे घराघरांत पोरं पुडे बांधतात. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

परीक्षेनंतर आठेक दिवसांनी उत्तरं जाहीर झाली. तिनं स्वतःच ताडून पाहिलं आणि मोबाइल उपडा ठेवून दिला. बारावीपर्यंत वर्गात पहिली येणारी पोर. संध्याकाळी फळीवर कुणी तरी तिच्या परीक्षेचं विचारलं. मी म्हणालो, मोबाइल घेऊन बसत असेल, दुसरं काय. "म्हणजे दिवाणजी, तुमच्याच घरचा पुडा कच्चा निघाला," एक जण म्हणाला. लोक हसले, मीही हसलो. मुलगी पुडे मांडत दहा पावलांवर होती.

यंदा परीक्षा दोनदा देता येत होती. ज्यात जास्त गुण ते धरणार. फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. मी रोज मागे लागायचो, ती रोज नाही म्हणायची. कारण सांगायची नाही.

मग एका सकाळी बायकोसोबत रेशन दुकानात गेलो. तिचा अंगठा मशीनवर लागेना. पुसून पाहिला, दुसरा हात लावला. दुकानदाराला काही नवल वाटलं नाही. पुडे बांधताना सालीच्या दोरीनं बोटं घासली जातात, आठ दिवसांनी या, असं त्यानं सांगितलं. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीचाबी नोता लागला."

"कुठी?"

"परीक्षेच्या गेटावर."

मी तिथंच ओट्यावर बसलो. त्या दिवशी मीच तिला केंद्रावर घेऊन गेलो होतो. गेटासमोर पालकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, झाडाखाली, तीन तास बसून होतो, आणि मला काही कळलं नव्हतं. बायकोला ठाऊक होतं, पण मला सांगायचं नाही असं मुलीनं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

घरी मुलगी अंगणात बांबूच्या ताटव्याजवळ भांडी घासत होती. मी विचारलं, तेव्हा तिनं हात धुतले आणि अगदी शांतपणे सांगितलं. तिला रांगेबाहेर उभं केलं होतं. बाकीची पोरं बघत आत जात होती. शेवटी कागदावर लिहून घेऊन सोडलं.

"त्या मॅडमनं विचारलं, काय काम करतेस गं हातानं? मी म्हटलं, काईच नाई करत." ती थांबली. "आई घरी पुडे बांधून राह्यली होती, अन् मी म्हटलं काईच नाई. पेपरभर तेच डोक्यात होतं, बाबा."

दोरी माझ्या सांगण्यावरून तिच्या हातात आली होती. वर मी तिला लोकांत हसलो होतो. मी म्हणालो, मले माफ कर, पण परीक्षा दे.

"माफ कराचं घरात, अन् हसाचं फळीवर काऊन?" ती म्हणाली. "तिथी सांगा. मंग भरतो फॉर्म."

त्या संध्याकाळी पुडे तपासून झाल्यावर मी उभा राहिलो. मग सगळं सांगितलं: पुडे बांधायला मी लावलं, अंगठा लागला नाही, ती मोबाइल घेऊन बसली नव्हती. मला वाटलं, लोक पुन्हा हसतील. कुणी हसलं नाही. समोरच्या म्हातारीनं दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"माहा तं कई वर्सापासून लागत नाई, दिवाणजी. तुले आज समजलं?"

तिच्यामागून आणखी हात पुढे आले. इतकी वर्षं याच हातांतून मी पुडे घेत आलो होतो. नजर फक्त पुड्यावर असायची.

घरी आलो. मुलीनं विचारलं, तुमी काय काय बोलले? मी शब्दन् शब्द सांगितला, म्हातारीचाही. मग तिनं मोबाइल उचलला.

"ओटीपी तुमच्या नंबरवर येईन," ती म्हणाली. "अन् उद्यापासून आईसंगं पुडे तुमी बांधा."