पिराप्पाचा जर्मनचा पूल

निंबर्ग्याच्या पिराप्पाला कुणी शहाणा म्हटलं की मला हसू येतं. त्याच्या शहाणपणाची एक सकाळ मी डोळ्यांनी पाहिलीय.

माणूस धनगराच्या घरातला. पण मेंढ्या बापावर सोडून पुण्याला गेला आणि बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात वर्षानुवर्षं राबला. त्याच्या माघारी बायको, रेणुकाबाई, मेंढ्यांमागं रोज ओढा ओलांडायची. दोन हजार सातच्या पावसाळ्यात ती त्या ओढ्यात वाहून गेली. पुढं बाभळीला अडकली म्हणून वाचली. पिराप्पा काम सोडून घरी आला, तो पूल बांधायचाच म्हणून.

पूल कशाचा, तर कारखान्यातून आणलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाड चौकोनी नळांचा. आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, आणि जर्मन म्हटलं की भाताचं पातेलं. गावाला हसायला विषयच मिळाला.

"पातेल्याचा पूल करायलास व्हय रे?" बाप मल्लप्पा चिडला. "निदान जोड तरी वेल्डिंग कर."

"अप्पा, ह्यात दुसरे धातू मिसळून ताकद आणल्याली हाय. तापवलं की जोडापाशी तीच कमी हुती. नट-बोल्टच बरं."

पूल उभा राहिला तेव्हा ओढा भरून वाहत होता. रेणुकाबाई काठावरच अडली. "आदी मेंढ्या जाऊ द्या. मग मी." त्या घरात नवी वाट पहिल्यांदा कळपानंच तुडवायची असते.

एडका पुढं निघाला आणि मधोमध पाणी बघत थांबला. मागच्या मेंढ्या एकमेकींत घुसल्या, सगळा कळप पुलाच्या मध्यावर दाटला. पूल खाली झुकला. या दीडशहाण्यानं हिशोब धरला होता एकामागं एक जाणाऱ्या माणसांचा! धनगराचं पोरगं, आणि मेंढ्या चिकटून उभ्या राहतात हेच विसरलं.

"वाकायलाय रे, मोडंल!" मल्लप्पा ओरडला.

"लोखंडापरीस ज्यादा वाकतंयच अप्पा, पर…"

एडक्यानं मान झटकली आणि चालू लागला. कळप पलीकडं गेला तसा पूल वर येऊन होता तसा सरळ झाला. पिराप्पानं पळत जाऊन एकेक जोड चाचपला. एकही हलला नव्हता. मग तिथंच मटकन बसून तो रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

रेणुकाबाई त्याच्या बाजूनं सरळ चालत पलीकडं गेली. तिथं वळली आणि लुगड्याचा काठ हातात धरून ओरडली, "रडायलाव कामून? बघा की, कोरडा हाय!"