चौकड्यांची माशी

आज बोंबील भाजता भाजता मी चक्क जाळून ठेवले, आणि त्या वासाने उरणजवळच्या सासुरवाडीचं अंगण डोळ्यांपुढे आलं. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. सासूबाईंवर छाप पाडायची म्हणून दोरीवर वाळणाऱ्या बोंबलांची राखण मी आपणहून घेतली होती. करड्या माश्या बसल्या, तर म्हटलं, घरातल्याच माश्या, बसू देत.

सासूबाई ओरडत आल्या. "जावयबापू, डोळं हायेत ना? ही घरमाशी न्हाय! पोटावर लुगड्यासारख्या चौकड्या बघा. ही जित्या अळ्या टाकते!"

अर्धी दोरी कोंबड्यांपुढे गेली. शेजारणी हसत होत्या. आज मलाही हसू येतं. तेव्हा मान वर होईना.

परतताना बायकोला म्हटलं, "संपलं माझं जावईपण."

"अहो," ती म्हणाली, "आई परक्या माणसाला कधीच ओरडत नाही."