मामाच्या जिभेवरचं काम

शांतवनमामा प्रभूमध्ये निजला, हे मामीनं पहाटे फोनवर सांगितलं. त्याच दुपारी शवपेटीपाशी उभं राहून आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "या पवित्र पुरुषाच्या ठायी रागाचा लवलेशही नव्हता." मला शिसारी आली. महिना उलटला तरी ती जात नाही. मामाचा राग ठाऊक नाही असं पुंडलिकनगरात एक घर सापडायचं नाही...

मामा कारखान्यात फिटर होता. भडकला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो त्या माणसाच्या दारात हजर. नुसतं "चुकलं" म्हणून सुटका करून घ्यायचा नाही. "काल तुम्हाला हरामखोर म्हणालो. तो शब्द चुकीचा व्हता, माफ करा," असा नेमका शब्द उच्चारून माफी मागायचा. एका भाजीवालीनं तर त्याला झापलं होतं, "मी विसरले व्हते, परत कशाला ऐकवता?" मी हसलो, तेव्हा मामा म्हणाला, "प्रभूनं तारलं ते एकदाच, बाबा. पवित्र व्हायचं काम रोजचं हाय. माझ्या जिभेवर प्रभूचं काम अजून चालूय." आणि ते चालू होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी आठवड्यातून तीनदा घडणाऱ्या त्या सकाळच्या फेऱ्या पुढं महिन्याला एकवर आल्या होत्या.

पाळकसाहेबांना हे खुपायचं. मामा चर्चच्या वडीलमंडळात, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांत होता. मंडळीचा वडील दारोदार माफी मागत फिरला तर लोकांपुढं आपली साक्ष काय राहणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांची तक्रार रागाबद्दल नव्हती, हं. घरात बायकोला वाट्टेल ते बोलून रविवारी पहिल्या बाकावर बसणारे आमच्यात पुष्कळ आहेत, त्यांचं काही बिघडत नाही. तक्रार होती ती माफीबद्दल. मामाला वडीलमंडळातून काढायचा ठराव आला. मी त्याचा सख्खा भाचा, मंडळात त्याच्याच शेजारी बसणारा. मी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. मामानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि सभा संपल्यावर नेहमीसारखा खुर्च्या आवरायला लागला. पाळकसाहेबांची किळस येते, हे खरं... पण तेवढ्यावर थांबलो तर मीही त्यांच्यासारखाच खोटं बोलेन.

दफन आटोपून निघालो, तर कब्रस्तानाच्या फाटकाशी आमच्या कोपऱ्यावरचे बेकरीवाले रशीदभाई उभे होते.

"कल शाम को लई बोलले मला," ते म्हणाले. "पाव शिळा निघाला म्हणून. बेइमान म्हणाले. म्हटलं, सकाळी येतील. चहा सांगून ठेवला. आठ वाजले, नऊ वाजले... नाय आले. तेव्हाच समजलो, मामा गेले."

मामाचं घर माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत. त्या ठरावाला सात महिने झाले होते, आणि त्या सात महिन्यांत मी एकाही सकाळी त्याच्या दारात गेलो नव्हतो.