मिल्कामावशीचा शनिवार

भिंत तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली, तर वकील कुठला कराल? हसू नका. अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या एका पाच बेडरूमच्या घरात मी हे या कानांनी ऐकलंय.

मिल्का आष्टमकर. वय एकसष्ट, गाव रेवदंडा. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी ज्यू. प्रताप आणि सुनेत्रा या जोडप्यानं तिला घरकामाला इथं आणलं. येण्याआधी तिची एकच अट होती: शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत कामाला हात लावणार नाही. फोनवर दोघं "हो हो" म्हणाले. आणि इथं? पार्ट्या नेमक्या शनिवारी!

"शनिवार कशाला हवा, मावशी? मारुतीचा उपास की साडेसाती?" प्रताप म्हणायचा. औषधांवर संशोधन करणारा माणूस हा! "तेल वाहा आणि पुऱ्या लाटायला घ्या."

"शनीचा नाही, साहेब. देवाच्या विसाव्याचा वार. तुम्हीही एकेकाळी मिसर देशात, इजिप्तात, गुलाम होतात हे विसरू नका, दासीला न् परक्यालाही विसावा द्या, असं आमचं शास्त्र आम्हाला सांगतं."

"शास्त्र रेवदंड्याला. इथं व्हिसा माझ्या हातात आहे."

ती लाटू लागली. त्याच दुपारी सिंकमागच्या भिंतीत पहिली टकटक झाली.

प्लंबर आला, हीटिंगवाला आला. सगळं ठीक. इथली घरं लाकडाची, करकरतात. इथल्या भिंतींना ड्रायवॉलचे तक्ते मी स्वतः ठोकलेत, मला शिकवू नका. पण ही टकटक फक्त शनिवारी. मावशीनं लाटणं ठेवलं की थांबायची, उचललं की सुरू. शेवटी शास्त्रज्ञानं फ्रिजवर लिंबू-मिरची टांगली!

घरकामवाल्या बायांसाठी आम्ही काहीजणी मदतीचा एक फोन नंबर चालवतो. एका बुधवारी त्यावर मावशीचा फोन आला. शनिवारी तीन वाजता, लख्ख उन्हात, मी दारात.

"तुम्ही कोण?" प्रतापनं वाट अडवली.

"मावशीची पाहुणी. सरका."

आत तीस माणसं, हसणंखिदळणं. मावशी ओट्याशी लाटत होती. मी भिंतीवर तळवा टेकला. आतून कुणी बोटाच्या पेरांनी ठोकत होतं. तीनदा. मग डोक्यावरच्या तुळईनं सावकाश जबाब दिला. मग हॉलची भिंत, मग जिना. पाहुणे एकेक करून भिंतींपासून दूर सरकले.

मावशीनं मान वर केली नाही. "आमच्या एका नबीनं सांगितलंय, अन्यायाच्या घरात भिंतीतला दगड ओरडतो न् तुळई त्याला उत्तर देते. इथं तर दगडसुद्धा नाही."

"बंद करा हे!" प्रताप ओरडला. तिच्यावरच.

सुनेत्रा पांढरीफटक पडली होती. तिनं मावशीच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "बसा मावशी. कशाला हात लावू नका."

मावशी बसली. हात मांडीवर. आणि घर असं गप्प झालं, की कढईतलं तेल ऐकू यायला लागलं. प्रताप भिंतीला कान लावून उभाच.

"व्हिसाचं काय म्हणत होतात?" मी विचारलं. 

सोमवारी मी करार छापून नेला. शनिवारची सुट्टी पहिल्या ओळीत. दोघांनी न वाचता सह्या केल्या. मावशीनं मात्र चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला.

तुम्हालाही त्या घरचं जेवणाचं बोलावणं येईल. खुशाल जा. पण शनिवार असेल तर मावशीला हाक मारू नका, आपली ताटं आपणच घासा.