उपरण्याखालचा जबाब

पोलिसातल्या नोकरीतल्या कितीतरी फिर्यादी विसरलो, पण घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातल्या त्या दलालाची फिर्याद अजून मनातून जात नाही.

दलाल साठीचा होता. त्याचा सख्खा भाचा विमा एजंट. भाच्याने वीस वर्षांपूर्वी पहिली पॉलिसी मामाचीच काढली. हप्त्यांतून पॉलिसीत रक्कम साठत जाईल, म्हातारपणी पॉलिसी न मोडता तिच्यावर दरवर्षी थोडी कर्जाऊ उचल घ्यायची, त्यावर आयकर नाही, असे त्याने समजावले होते. कंपनीकडे आम्ही खात्री केली. त्यात काही खोटे नव्हते.

पहिली उचल घ्यायला मामा नगरच्या ऑफिसात गेला, तेव्हा कळले की पॉलिसीवर सात लाखांचे कर्ज आधीच निघाले आहे. सही खोटी. पैसे मामाच्या नावाने उघडलेल्या बँक खात्यात गेले होते, त्याला मोबाईल नंबर भाच्याचा.

"साहेब, बाजाराच्या दिवशी उजाडंस्तवर झोपायचं, येवढंच मनात हुतं," मामा फिर्याद देताना म्हणाला.

खबऱ्याने सांगितले की भाच्याने मिरजगावात रोखीने टेम्पो घेतला आहे. त्याला अटक केली. दोन दिवस चौकशी झाली. "मामानंच सही केली," याशिवाय तो काही बोलेना. उरलेल्या रकमेचा पत्ता लागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा त्याच्यासाठी डबा घेऊन ठाण्यात आला.

"साहेब, पाच मिन्टं द्या याच्यासंगं. बोलत न्हाई मी."

"मग काय करणार?"

"सौदा."

हवालदार हसले. "तात्या, हितं म्हैस न्हाई इकायची."

"म्हैस न्हाई, पर वासरू आमचंच हाय."

आमच्या समोरच त्याने भाच्याचा हात धरला आणि वर उपरणे टाकले. बाजारात भाव असाच ठरतो. बोटे दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. भाचा हे मामाच्याच हाताखाली शिकला होता.

खिडकीतून लिंबाची सावली टेबलावर आली होती. उपरणे पाण्यावरच्या पानासारखे हळूच हलत होते. मला आपण कुठल्या तरी दुसऱ्याच गावी बसलो आहोत असे वाटले. मग भाच्याची मान खाली गेली.

"चार लाख हायेत अजून," मामा म्हणाला.

"बायकोच्या खात्यात हायेत, मामा," भाचा पहिल्यांदा खरे बोलला.

बोटांचा जबाब कोर्टात चालत नाही. मी दोन पंच बोलावून त्यांच्यासमोर भाच्याचे बोलणे लिहून घेतले, रीतसर निवेदन पंचनामा केला आणि ते खाते गोठवले. पुढे कोर्टाच्या आदेशाने चार लाख मिळाले, टेम्पो विकून आणखी थोडे आले. पॉलिसी वाचली. उरलेले कर्ज फेडायला मामाला मात्र आणखी दोन वर्षे बाजारासाठी पहाटे उठावे लागले.

माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. शिकवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे, आणि त्यांत हा दलालही मी धरतो. माणसाला बोलते करणे म्हणजे तपास, असे मी समजत होतो. शरमेला थोडा आडोसाही द्यावा लागतो, हे त्याने दाखवले.

कोर्टाच्या आवारात मी त्याला विचारले होते, "तोंडाने का नाही विचारलंत?"

"तोंडानं इचारलं असतं तर त्यो पुन्यांदा खोटं बोल्ला असता, साहेब. मग पैसं तुमी कवातरी शोधलंच असतं, ते घिऊन मी घरी गेलो असतो, पर भाचा न्हाई राह्यला असता मला."