हळदीच्या बोटांनी दाबायची बटणं

कर्जतच्या बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात मी पर्समधून प्लास्टिकची पुडी काढली, तिच्यातली कालवलेली हळद बोटांना फासली आणि काउंटरवरचं गाणी वाजवायचं छोटं यंत्र उचललं. दुकानदार ओरडलाच.

"अहो मॅडम, काय करताय?"

"तपासतेय," मी म्हटलं.

त्याचा दोष नव्हता. पण कुंभिवलीजवळच्या एका कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर म्हणून मी अर्धं आयुष्य काढलंय. खोकं नुसतं दिसायला चांगलं आहे म्हणून मी कधी पुढे सोडलं नाही. ते वरून खाली टाकून पाहायचं, मगच सही करायची. घरचे म्हणतात, ही भाजीवालीकडचा दुधी पण दोनदा वाजवून घेते. घेते, आणि त्यात मला लाज नाही.

हे यंत्र मला माझ्यासाठी नको होतं, पोशीरच्या आत्यासाठी हवं होतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. मांडव घालताना, हळद दळताना, ती नवरीला लावताना, अक्षता टाकताना, प्रत्येक कामाचा एक धवला, म्हणजे त्या कामाचं गाणं, असतो आणि तो म्हटल्याशिवाय ते काम झालं असं कुणी मानत नाही. मागच्या बायका ओळीचा शेवट तेवढा ओढतात. शब्द सगळे एकट्या आत्याकडे. चाळीस वर्षं तिने कागद पाहिला नाही, आणि पाहिला असता तरी वाचता आला नसता.

मग गेल्या उन्हाळ्यात खालापूरच्या बाजूला हायवेवरच्या एका हॉलमध्ये ती अडकली. हळदीच्या धवल्याची दुसरी ओळ तिने दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली, आणि गप्प झाली. मी तिथेच होते. तिच्या ओठांची हालचाल होत होती पण आवाज नव्हता. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला बसवा रं आता, डीजे हाय ना!" आणि गाणं लागलं. आत्या भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पदराच्या टोकाशी खेळत राहिली. मला त्या माणसाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला होता. काढला नाही, कारण तो नवऱ्या मुलाचा काका होता.

त्यानंतर तिने एकही लग्न घेतलं नाही. माझ्या मुलीचं ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन पोशीरला गेले. पेढा खाऊन ती म्हणाली, "मी येन गं, पन पाव्हनी म्हनून. धवलं नाय म्हननार. तुज्या मांडवात मला गप नाय बसायचं."

माझ्या लग्नात हिनेच म्हटले होते. मुलीच्या लग्नात ही कोपऱ्यात बसणार, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हटलं, "आत्या, तुझेच धवले तुझ्याच आवाजात कानात वाजवले तर? पदराखाली. कुनाला कलनार पन नाय."

"कानात कोन बोलंल नि मी म्हनायचं? पोपट हाय का मी?" ती म्हणाली. पण चहा संपता संपता तिने विचारलं, "माजाच आवाज असंल ना पन?"

म्हणून हे यंत्र. मोबाईल चालणार नव्हता. ऐन मंगल कार्यात कुणाचा तरी फोन येणार, आणि ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही. जुन्या गाण्यांचा तो डबा असतो, तो मांडीवर घेऊन धवलारीण बसली तर लोक फर्माईश करतील. बिनवायरची बोंडं मी नवऱ्याच्या कानात घालून त्याला मान हलवायला लावली. एक कपाटाखाली गेलं, ते अजून तिथेच असावं.

राहिली ती क्लिपवाली छोटी यंत्रं. त्यात मी तीन गोष्टी बघत होते. बटणं न बघता बोटाला कळली पाहिजेत, हळदीच्या बोटालासुद्धा. बंद करून चालू केलं तर जिथे थांबलं तिथूनच सुरू झालं पाहिजे. आणि एक गाणं संपलं की ते गप्प राहिलं पाहिजे. ही तिसरी अट ऐकून कर्जतच्या दुकानदाराने हात टेकले. "मॅडम, लोक गाणी थांबू नयेत म्हणून घेतात हो." त्याला काय सांगू, की नवरीच्या मावशीला साडी बदलायची असते, नवरा मुलगा हरवलेला असतो, आणि धवल्याला सगळ्यांसाठी थांबावं लागतं.

नेरळला एक सापडलं. दिसायला छान, पण बंद करून चालू केलं की पुन्हा पहिल्यापासून. अखेर खोपोलीत एका दुरुस्तीवाल्याच्या काचेच्या कपाटात पाठीमागे पडलेलं एक मिळालं. काड्यापेटीएवढं, काळं, आणि मधल्या बटणावर एक बारीक उंचवटा. माझी पुडी तोपर्यंत वाळली होती. दुरुस्तीवाल्याने कारण विचारलं, मी सांगितलं. त्याने आतून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाला, "भिजवा. आधी बघून घ्या." यंत्र तिन्ही अटींत पास झालं. आजही त्या दुकानावरून जाताना मी मान हलवते.

आता धवले भरायचे होते. आत्या दोन दिवसांसाठी भिवपुरीला आमच्याकडे आली. मी स्वयंपाकघरात ओट्यावर फोन उभा केला, पंखा बंद केला, कुकर उतरवला. "हां आत्या, हळदीचा."

ती एक ओळ म्हणाली आणि थांबली. पाणी प्यायली. पुन्हा एक ओळ, पुन्हा थांबली. मांडवाचा घेतला तर पहिला शब्दच येईना. तासाभराने तिने पदराने तोंड पुसलं. "बग, सांगत व्हते ना तुला. गेलं समदं."

मला रडू आलं. इतकी वणवण करून आणलेल्या यंत्रात भरायला काही नव्हतंच. मी ओट्यावरची भांडी आपटली.

दुसऱ्या सकाळी मी कपडे वाळत घालत होते. मागच्या पडवीत आमचं जातं पडून असतं, त्यावर मी कुंड्या ठेवते. आत्याला रिकामं बसवत नाही. तिने कुंड्या उतरवल्या, जातं धुतलं, पुसलं, मूठभर तांदूळ घातले आणि फिरवायला लागली. चार फेरे झाले असतील, आणि हळद दळायचा धवला सुरू झाला. सगळा, एकही ओळ न अडखळता, आणि तिला स्वतःला ते कळतसुद्धा नव्हतं. मी हातातली ओली चादर तशीच टाकून फोनकडे पळाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्या विसरली नव्हती. तिचे धवले तोंडात नव्हते, हातात होते. हॉलमध्ये हळद पाकिटातून आली होती, मांडव डेकोरेशनवाल्याने घातला होता, आणि तिला माईकसमोर हात लोंबकळत उभं केलं होतं. मग ओळ येणार कुठून? आणि आम्ही सगळे तिच्या वयाला नावं ठेवत बसलो.

मग आम्ही घरात लग्नच मांडलं. मांडवाच्या धवल्यासाठी माझा नवरा उंबराची फांदी धरून स्टुलावर उभा राहिला. धवला मोठा असतो. त्याचे हात भरून आले, पण बिचारा हलला नाही. हळदीच्या वेळी आत्याने मलाच पाटावर बसवून हळद लावली, तेव्हा तो म्हणाला, "आत्या, आमचं परत लावताय की काय? एकदाचं पुरे हाय."

"गप रं," आत्या म्हणाली आणि पुढची ओळ घेतली. हे सगळं फोनमध्ये आलंय.

राहिली पाठवणी, म्हणजे नवरी निघतानाचा धवला. मी भरायला फोन समोर धरला तर आत्याने तोंड मिटलं. "त्यो नाय म्हनायचा. हलद कवाबी चांगलीच. पन लेक जात नसताना पाठवनी म्हटली, तर दाराला खरं वाटतं."

"मग लग्नात कसं करशील?"

"बगू तवा," ती म्हणाली. मी खूप विनवलं, पण त्या बाबतीत ती ऐकणारी नव्हती.

रात्रीत मुलीने सगळं यंत्रात भरलं आणि सकाळी आत्याच्या कानात वायर घातली. आत्याने उंचवट्याचं बटण बरोबर दाबलं. क्षणभर ऐकलं आणि भुवया चढल्या. "काय गं ह्ये? आदी अक्षता टाकल्या नि मंग हलद? लगीन लावून मंग नवरी पिवली करतेस काय?" मुलीने नावं घालून भरलं होतं आणि यंत्राने 'अ' पासून सुरुवात केली होती. लग्नाचा क्रम यंत्राला कोण सांगणार? आम्ही नावांपुढे आकडे घातले, तेव्हा कुठे आमच्या मुलीला लग्नाआधी हळद लागली.

लग्न मी दारातच केलं. हॉल नको म्हटल्यावर मुलीच्या सासरच्यांनी नाक मुरडलं, मुरडू दे म्हटलं. मांडवाला उंबर घरच्या माणसांनी बांधला, हळद जात्यावर दळली. आत्या पोशीरच्या चार बायका घेऊन आली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, पदराखाली एका कानात वायर, कमरेला यंत्र. माझी जाऊ कुजबुजली, "आत्यानं कानाचं मशीन लावलं वाटतं. बरं केलं बाई."

हळद दळताना यंत्राची गरज पडली नाही. नवरीला लावताना एकदा आत्या थबकली. तिचा पिवळा अंगठा कमरेशी गेला, उंचवट्यावर दाबला गेला, तिचाच आवाज तिच्या कानात बोलला, आणि पुढची ओळ आली. मागच्या बायकांनी ती ओढली. कुणालाही काही कळलं नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि त्या खोपोलीच्या दुरुस्तीवाल्याला मी मनातल्या मनात पेढा दिला.

अक्षता पडल्या. जेवणं झाली. दुपार उतरताना गाडी दाराशी लागली आणि आत्याने कानातली वायर काढून गुंडाळली, यंत्र माझ्या हातात ठेवलं. "ह्येच्यात आता काय नाय," ती म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

पाठवणीचा धवला घरातल्या एकेका वस्तूला हाक मारतो. उंबऱ्या, तू वाट सोड, लेक ओलांडून चालली हाय. विहिरी, तू आटू नको, तिचा पोहरा राह्यला हाय. चुली, तू इझू नको, तिचा हात ठावा हाय. आत्याचा आवाज खणखणीत लागला होता. मुलगी माझ्या गळ्यात पडली होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि चूल झाल्यावर आवाज थांबला.

मी मान वर केली. आत्याचे ओठ हलत होते. तोच हॉलमधला चेहरा. आणि मला दिसले ते तिचे हात. बाकी सगळ्या कामांना तिच्या हातात काहीतरी होतं, खुंटा होता, हळद होती, तांदूळ होते. पाठवणीला धवलारीण नुसती उभी असते. हात रिकामे. मागच्या बायका वाट बघत होत्या. कुणीतरी गाडीचं दार उघडलं. आता कुणी वाजंत्री लावा म्हणालं असतं, तर संपलं होतं.

पुढची ओळ मला येत होती. पंचवीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन मी पोशीरच्या माहेरून निघताना आत्याने ती माझ्या आईकडे बघून म्हटली होती. माझी आई आता नाही. त्या दिवसाचं बाकी काही मला आठवत नाही, ती ओळ कधी गेली नाही.

मी मुलीला एका हाताने धरून आत्याकडे सरकले, आणि जिथे सकाळपासून वायर होती त्या कानात सांगितलं, "आये, तू रडू नको, तुज्याच वाटंनं ती चालली हाय."

सांगता सांगता माझाच बांध फुटला. दुसऱ्या कुणालाही त्या दारात ती ओळ सांगणं सोपं गेलं असतं. मी आई होते. आत्याने माझ्याकडे बघितलं, माझं मनगट घट्ट पकडलं, आणि तीच ओळ माझ्या तोंडाकडे बघत सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी म्हटली. धवला पुरा झाला. गाडी गेली.

संध्याकाळी आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. आत्या बोटांची हळद खरवडत होती. म्हणाली, "खरंच इसरले व्हते गं. तू नसतीस तर लाज गेली असती माजी." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि या वयात हुंदके देऊन रडले.

महिन्याभराने तिचा निरोप आला. पोशीरमध्ये लग्न आहे, तिने घेतलंय. मी फोन करून विचारलं, यंत्र चार्ज करून आणू का?

"डबी र्‍हाऊ दे," आत्या म्हणाली. "तू ये. माज्या डाव्या बाजूला उबी र्‍हा."